शून्य आकड्यामागचं सत्य शोधणारे व्हॅन ॲलन

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं माउंट प्लेझंट हे छोटं गाव. जेम्स व्हॅन ॲलन यांचा जन्म इथे ७ सप्टेंबर १९१४ रोजी झाला. गावातल्याच कॉलेजात शिकून १९३९ मध्ये त्यांनी आयोवा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात लक्ष्याजवळ जाताच फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या फ्यूजवर त्यांनी काम केलं. तोफेचा दणका सोसेल असं नाजूक यंत्र बनवायची विद्या पुढे रॉकेटच्या कामी आली.

१९५१ मध्ये ते आयोवा विद्यापीठात परतले. मोठ्या रॉकेटला पैसा नव्हता, म्हणून फुग्याला छोटं रॉकेट बांधून ते उंचावरून सोडायचे. जगभर नाव झालं तरी त्यांनी आयोवा सोडलं नाही.

३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ उडाला. त्यात आयोवाचा गायगर काउंटर होता. खालच्या उंचीवर तो कण बरोबर मोजायचा, पण वर गेला की आकडा थेट शून्य. यंत्र बिघडलं म्हणून विषय तिथेच संपला असता.

मार्चमध्ये एक्सप्लोरर-३ टेपरेकॉर्डर घेऊन गेला आणि पूर्ण फेरीची नोंद हाती आली. आकडा वाढत जाई, मग एकदम शून्य होई, नंतर पुन्हा वर येई. व्हॅन ॲलन यांचे सहकारी कार्ल मॅक्इल्वेन यांनी तसाच काउंटर क्ष-किरणांसमोर धरला. मारा फार वाढला की काउंटर गप्प होतो, हे दिसलं. म्हणजे वर कण नव्हते असं नाही. इतके होते की यंत्राला मोजता येईनात!

१ मे १९५८ रोजी वॉशिंग्टनमध्ये शोध जाहीर झाला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वेगवान विद्युतभारित कण अडकलेले असतात. त्यांचे दोन पट्टे आहेत, आतल्यात मुख्यतः जोरकस प्रोटॉन, बाहेरच्यात इलेक्ट्रॉन. आज ते व्हॅन ॲलन पट्टे म्हणून ओळखले जातात.

मग इतर ग्रहांची पाळी. १९६५ मध्ये मरिनर-४ मंगळाजवळून गेलं, तेव्हा असा पट्टा सापडला नाही. इथे शून्य खरं होतं, कारण मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र नाही. डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर-१० गुरूजवळ पोहोचलं आणि तिथले इलेक्ट्रॉन पृथ्वीपेक्षा कितीतरी तीव्र निघाले. १९७९ मध्ये पायोनियर-११ शनीपाशी गेलं. कड्यांच्या बाहेरच्या काठाशी कणांचा मारा एकदम तुटला, कारण कडीच ते कण शोषून घेतात.

माणसं अंतराळात पाठवण्याच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. यंत्रं तेच काम स्वस्तात करतात, असं ते अखेरपर्यंत मांडत राहिले. १९८५ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते ऑफिसात यायचे. ९ ऑगस्ट २००६ रोजी आयोवा सिटीत त्यांचं निधन झालं.

आपल्या घरी टीव्ही आणि हवामानाचा अंदाज पोहोचवणारे इन्सॅटसारखे उपग्रह बाहेरच्या पट्ट्याच्या टप्प्यातच फिरतात. त्या इलेक्ट्रॉनांचा मारा सोसण्याची तयारी जमिनीवरच करावी लागते. त्या तयारीची सुरुवात १९५८ च्या त्या शून्यापासून झाली.