दालचिनीची खरी ओळख सांगणारे गार्सिया दा ओर्ता

चॉकलेटमध्ये दालचिनी, वेलची किंवा चिमूटभर लाल तिखट घालण्याची रीत आता मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांत आणि घरच्या केकमध्येही रुळली आहे. ती नवी वाटत असली तरी मुळात बरीच जुनी आहे. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोक कोकोचे पेय मिरची आणि व्हॅनिला घालून पीत असत. १५१९ मध्ये स्पॅनिश सैन्य तेथे पोहोचले आणि त्यानंतर हे पेय युरोपच्या वाटेला लागले. पुढे त्यात साखर आणि पूर्वेकडची दालचिनी मिसळली गेली. १६३१ मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झालेल्या आंतोनियो कोल्मेनेरो यांच्या चॉकलेटवरील पुस्तिकेत मिरची, व्हॅनिला आणि दालचिनी एकाच कृतीत आढळतात. यातील पूर्वेकडचा मसाला कोणत्या झाडाचा, कोणत्या भूमीतला, हे युरोपला तपशिलाने समजावून देणारे गार्सिया दा ओर्ता हे गोव्यात वैद्यकी करीत होते. मुंबई बेटही काही काळ त्यांच्याच ताब्यात होते.

ओर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो दे व्हिदे या गावी झाला. त्यांचे आईवडील स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले; परंतु १४९७ मध्ये तेथेही सक्तीच्या धर्मांतराला त्यांना तोंड द्यावे लागले. अशा ‘नवख्रिस्ती’ घरात वाढलेल्या गार्सिया यांनी सालामांका आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय केला आणि लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. तथापि, नवख्रिस्ती लोकांवरील संशयाचे सावट गडद होत चालले होते. मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो दे सौझा या सरदाराचे वैद्य म्हणून त्यांनी भारताकडे जाणाऱ्या जहाजावर पाऊल ठेवले. पुन्हा ते मायदेशी गेले नाहीत.

आरंभीची काही वर्षे पोर्तुगीज मोहिमांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर काढल्यानंतर ते गोव्यात स्थायिक झाले. व्हाइसरॉयपासून सामान्य रुग्णांपर्यंत अनेकांवर त्यांनी उपचार केले. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हाही त्यांच्या रुग्णांपैकी एक. ज्या घराण्याचे मूळ गोदाकाठच्या पाथरीचे मानले जाते, त्या दरबारात ओर्ता यांची हकिमांशी औषधींविषयी चर्चा होई. वैद्य, व्यापारी आणि दाईंकडून मिळणारी माहितीही ते टिपून ठेवत. पुढे साधारण १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यांना खंडाने मिळाले. तेथे त्यांचे घर व बाग होती. वर्षातून दोनदा फळणाऱ्या तेथील आंब्याचा उल्लेख त्यांनी आपल्या ग्रंथात आवर्जून केला आहे.

हा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाला. भारतातील वनस्पती आणि औषधी द्रव्यांवरील हे विवेचन संवादरूपाने मांडलेले आहे. एका बाजूला स्वतः ओर्ता, तर दुसऱ्या बाजूला सालामांकाहून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य. रुआनो ग्रीक व अरब ग्रंथांतील दाखले देतो आणि ओर्ता भारतात प्रत्यक्ष पाहिलेले सांगतात. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही या संवादांत येतो.

दालचिनी पक्ष्यांच्या घरट्यांतून मिळते, अशी कथा प्राचीन ग्रीक लेखकांपासून चालत आली होती. ओर्ता यांनी ती झाडाची साल आहे, उन्हात वाळताना तिची सुरळी होते आणि श्रीलंकेची दालचिनी सर्वांत उत्तम, हे स्पष्ट केले. काळी मिरी मलबारची, लवंग मोलुक्का बेटांची, जायफळ बांदा बेटांचे, अशी प्रत्येक मसाल्याची भूमी त्यांनी नोंदवली. देशी भाषांतील नावेही दिली. स्पेनमध्ये राहून गॅलेनसारख्या आचार्याविरुद्ध लिहिण्याची आपली छाती झाली नसती, अशी कबुली त्यांनी ग्रंथातच दिली आहे.

क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्प येथून या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि ओर्ता यांचे नाव युरोपभर पोहोचले. १६०५ मध्ये याच क्लुसियसच्या एका बृहद्ग्रंथात ओर्ता यांचे भारतीय मसाले आणि मोनार्देस यांनी वर्णिलेल्या अमेरिकेतील वनस्पती एकत्र आल्या. युरोपच्या चॉकलेटच्या पेल्यातही हेच दोन खंड एकत्र येत होते.

गोव्यात मात्र वेगळेच घडत होते. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय स्थापन झाले. ओर्ता यांना १५६८ मध्ये मृत्यू आला. त्यानंतर ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून त्यांची बहीण कातारिना हिला अटक झाली आणि ऑक्टोबर १५६९ मध्ये तिला जिवंत जाळण्यात आले. ओर्ता यांच्यावर मरणोत्तर खटला चालला. डिसेंबर १५८० मध्ये त्यांच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आल्या. मसाल्यांविषयी ग्रीक आचार्यांनाही आव्हान देणाऱ्या या विद्वानाला स्वतःच्या श्रद्धेविषयी आयुष्यभर मौन पाळावे लागले होते.

आज पणजीतील नगरपालिका उद्यान त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी वर्णिलेले मसाले आणि अमेरिकेहून आलेला कोको हे दोन्ही भारतीय बागांत एकत्र वाढतात. केरळ-कर्नाटकातील नारळ-सुपारीच्या बागांत मिरीच्या वेलाशेजारी कोको आंतरपीक म्हणून घेतला जातो. स्वयंपाकघरातही त्यांचा मेळ सहज बसतो. मसाल्यांचा सुगंध बहुतांशी तेलात व स्निग्धांशात उतरतो आणि कोकोमध्ये स्निग्धांश भरपूर असतो. त्यामुळे दालचिनीचा तुकडा किंवा ठेचलेली वेलची गरम दुधात वा सायीत काही वेळ मुरवून, ते गाळून मग त्यात चॉकलेट विरघळवले की कडवटपणाला गोडसर ऊब येते. वाळताना सुरळी झालेला दालचिनीचा तो तुकडा म्हणजे झाडाची साल, ही साधी गोष्ट ओर्ता यांनी गोव्यातून युरोपला तपशिलाने समजावून दिली होती.