विश्लेषण : आजारपणात ‘स्ट्रेस हार्मोन’ का वाढते? हान्स सेल्ये यांना न सापडलेला दुवा

ताप आला की अंग दुखते, भूक मरते, अंथरुणातून उठवत नाही. आजार वेगवेगळे, पण सुरुवातीची लक्षणे बरीचशी सारखी. असे का, हा साधा प्रश्न हान्स सेल्ये यांनी आयुष्यभर सोडला नाही. त्याच्या उत्तराचा महत्त्वाचा भाग मात्र त्यांच्या मृत्यूनंतर हाती आला.

कोण होते सेल्ये?

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्नात झाला. वडील लष्करी शल्यविशारद होते. प्रागमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू असताना प्राध्यापकांनी निरनिराळ्या संसर्गांचे रुग्ण दाखवले. प्रत्येक आजाराची वेगळी खूण कोणती, याकडे सर्वांचे लक्ष होते. सेल्ये यांना मात्र सगळेच ‘आजारी’ दिसतात, हे जाणवले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले.

उंदरांमध्ये काय आढळले?

तेथे इन्सुलिनच्या शुद्धीकरणात वाटा असलेले जेम्स कॉलिप यांच्या प्रयोगशाळेत सेल्ये उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होते. तेव्हा तीन बदल दिसले. मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी फुगल्या, प्रतिकारशक्तीशी निगडित थायमस आक्रसली आणि जठरात व्रण पडले. नवे हार्मोन सापडले, असे त्यांना वाटले. पण अर्क जितका अशुद्ध, तितका परिणाम तीव्र होता. साध्या फॉर्मेलिननेही तेच घडले, तेव्हा ही आशा मावळली. मग त्यांना प्रागचे रुग्ण आठवले. थंडी, जखम, अतिश्रम, विष अशा कशालाही शरीर एकाच साच्यात उत्तर देते, असे त्यांनी ‘नेचर’च्या ४ जुलै १९३६ च्या अंकातील छोट्या टिपणात मांडले. पुढे त्यांनीच ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुजवला.

निरोप कोण देते?

इजेची वार्ता ॲड्रिनलपर्यंत पोहोचते कशी, हे मात्र त्यांना उलगडले नाही. आज ती साखळी ठाऊक आहे. जंतू शिरताच प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ हे त्यांतले प्रमुख. त्यांचा संकेत मेंदूतील हायपोथॅलॅमसला मिळतो आणि तेथून सीआरएच हे हार्मोन स्रवते. त्यामुळे पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच सोडते आणि ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करते. इंटरल्युकिन-६ थेट ॲड्रिनल पेशींवरही काम करते. ताप आणि मंदावलेली भूक यांमागेही हेच रेणू असतात.

सीआरएचची रचना १९८१ मध्ये उलगडली. सेल्ये १६ ऑक्टोबर १९८२ रोजी माँट्रियलमध्ये निवर्तले. इंटरल्युकिन-१ मुळे ही साखळी जागी होते, हे उंदरांवरील प्रयोगांतून १९८६-८७ मध्ये स्पष्ट झाले.

थायमस का आक्रसली?

कॉर्टिसॉल सायटोकाइनची निर्मिती रोखते आणि थायमसमधील पेशी घटवते. म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वतःसाठी लगाम मागवते. तो नसेल तर जंतूंशी लढताना शरीराचीच हानी होते. ॲड्रिनल काढलेल्या उंदरांची थायमस आक्रसत नाही, हे सेल्ये यांनीच दाखवले होते.

वाद आणि महत्त्व

नोबेलसाठी सेल्ये यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही. तंबाखू उद्योगाकडून संशोधनासाठी पैसे घेतल्याचा डागही त्यांच्या कारकीर्दीवर आहे.

त्यांनी टिपलेल्या प्रतिक्रियेचे महत्त्व रुग्णशय्येजवळ कळते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची किंवा ॲडिसन आजार असलेल्यांची ॲड्रिनल ग्रंथी संसर्गाच्या वेळी पुरेसे कॉर्टिसॉल बनवू शकत नाही. म्हणून अशा रुग्णांनी औषध मनाने अचानक बंद करू नये. ताप किंवा शस्त्रक्रियेच्या काळात डोस वाढवावा लागतो का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. प्रागच्या त्या वर्गात पडलेला प्रश्न येथे थेट जिवाशी येऊन भिडतो.