व्हेनिसच्या पडद्यावर देहू : विष्णुपंत दामले

भारतीय चित्रपटांच्या आंतरराष्ट्रीय यशाचा विषय निघाला की सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चे नाव सर्वप्रथम घेतले जाते. त्याआधी, १९४६ साली, पहिल्या कान महोत्सवात 'नीचा नगर'ने सर्वोच्च पुरस्कारात वाटा मिळवला होता. परंतु या दोहोंच्याही कितीतरी आधी, १९३७ साली, व्हेनिसच्या महोत्सवाने एका मराठी चित्रपटाचा गौरव केला होता. तो चित्रपट म्हणजे प्रभातचा 'संत तुकाराम'. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक होते विष्णुपंत गोविंद दामले. चित्रपटाचे नाव घराघरांत पोहोचले; दामले मात्र पडद्यामागेच राहिले आणि तेथेच राहणे त्यांच्या स्वभावाला मानवणारे होते.

दामले यांचा जन्म १८९२ साली कोकणातील पेण येथला. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंच्या सहवासात आले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे हे दोघे कलावंत हलत्या चित्रांच्या वेडाने झपाटलेले होते. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. मात्र कॅमेरा स्वतःच्या हाताने घडवण्याचा ध्यास बाबूरावांनी सोडला नाही. त्या खटपटीत दामले त्यांचे उजवे हात होते. सुटे भाग जुळवून, चुकत-माकत तयार झालेल्या त्या यंत्राच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' प्रेक्षकांसमोर आला.

या कंपनीत कामांची वाटणी नव्हती. चित्रकाराने सुतारकामही करावे, नटाने सामान वाहावे, असा तो काळ. दामले यांनी नेपथ्य, छायाचित्रण, रसायनशाळा अशा सर्व विभागांतून हात फिरवला. येथेच शेख फत्तेलाल यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. एक कोकणातला ब्राह्मण, दुसरा कोल्हापूर परिसरातला मुसलमान. दोघांनाही चित्रकलेची सारखीच ओढ. कंपनीतले लोक एकाला दामलेमामा आणि दुसऱ्याला साहेबमामा म्हणत. १९२८ मध्ये दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला. पुढे ही जोडी आयुष्यभर टिकली.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. दोनच वर्षांत चित्रपट बोलू लागला. मूकपटावर उभ्या असलेल्या अनेक संस्था या बदलाने कोलमडल्या; प्रभात तरली. त्याचे एक कारण दामले यांच्याकडे असलेली ध्वनिलेखनाची जबाबदारी हे होते. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून प्रभातच्या बोलपटांतील शब्द आणि सूर प्रेक्षकांपर्यंत स्वच्छ पोहोचावेत, यासाठी त्यांनी परिश्रम घेतले. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली आणि तेथे तिचा भव्य स्टुडिओ उभा राहिला.

बाहेरच्या जगाला प्रभात म्हणजे शांताराम असे वाटे, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. 'अमृतमंथन'सारख्या चित्रपटांतून त्यांची धाडसी दृष्टी सर्वांना दिसली होती. अशा वेळी दामले आणि फत्तेलाल या तंत्रज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोघांनी संतचरित्र हाती घेतले. शिवराम वाशीकर यांनी कथा-संवाद लिहिले, केशवराव भोळे यांनी संगीत दिले. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेला एक अभंग इतका अस्सल उतरला, की तो तुकारामांचाच असे अनेकांनी गृहीत धरले. तुकारामांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची, तर आवलीसाठी गौरी यांची निवड झाली. पागनीस भजनात रंगणारे गायक नट होते. त्यांची मुद्रा लोकांच्या मनात इतकी ठसली, की पुढे कित्येकांना तुकाराम म्हटले की तोच चेहरा आठवू लागला.

या चित्रपटाचे वेगळेपण त्याच्या साधेपणात आहे. चमत्कार त्यात आहेत; आकाशातून धान्य बरसते, इंद्रायणीत बुडवलेली गाथा परत येते, अखेरीस गरुडावर बसून तुकाराम वैकुंठास जातात. यंत्रविद्येत मुरलेल्या दामले यांना असे देखावे उभे करणे जमणारेच होते. परंतु प्रेक्षकाच्या मनात राहतात त्या आवलीच्या घरातल्या गोष्टी : चूल, म्हैस, आजारी मूल, घरात दाणा नसताना विठ्ठलाला दिलेल्या शिव्या. भक्ती आणि संसार यांचे भांडण चित्रपटात कुणा एकाच्या बाजूने निकाली निघत नाही. वैकुंठाचे आमंत्रण आले तरी आवली मुलाबाळांसह जमिनीवरच राहते. संताची महती सांगताना त्याच्या बायकोची बाजूही तितक्याच आस्थेने मांडावी, हे त्या काळच्या पौराणिक-धार्मिक चित्रपटांत सहसा घडत नसे.

१२ डिसेंबर १९३६ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सलग ५७ आठवडे चालला. दुसऱ्या वर्षी तो व्हेनिसला गेला.

व्हेनिसचा महोत्सव १९३२ साली सुरू झाला. पहिल्या वर्षी तेथे अधिकृत स्पर्धा नव्हती. १९३४ पासून चषक देण्यास आरंभ झाला आणि सर्वोच्च पुरस्काराला मुसोलिनीचे नाव मिळाले. १९३७ मध्ये लिडो बेटावर महोत्सवासाठी नवे चित्रगृह उभे राहिले. त्या वर्षी इटालियन चित्रपटाचा मुसोलिनी चषक रोमन साम्राज्याचे गुणगान करणाऱ्या 'शिपियोने लाफ्रिकानो'ने मिळवला, तर सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचा चषक फ्रान्सच्या ज्युलियाँ द्युविव्हिए यांच्याकडे गेला. ज्याँ रन्वार यांचा युद्धविरोधी 'ला ग्रांद इल्युझिओं' वेगळ्या पुरस्कारावर थांबला. फॅसिस्ट राजवटीच्या सावलीत भरलेल्या या महोत्सवात देहूच्या एका दरिद्री वाण्याच्या कथेला परीक्षकांची खास शिफारस लाभली. जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांपैकी एक, असे त्याचे वर्णन पुढे भारतात सतत होत राहिले. ना तलवार, ना साम्राज्य, ना विजय. तरीही मराठी न कळणाऱ्यांपर्यंत तो चित्रपट पोहोचला, यातच त्याच्या कर्त्यांचे यश होते.

या सन्मानानंतरही दामले यांचे काम पूर्वीच्याच वाटेने चालू राहिले. फत्तेलाल यांच्यासह त्यांनी १९३८ मध्ये 'गोपाळकृष्ण' आणि १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' दिग्दर्शित केला. १९४१ च्या 'संत सखू'मध्ये राजा नेनेही त्यांच्या जोडीला होते. १९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून गेले आणि कंपनीचा कणाच खचला. दामले यांनी ५ जुलै १९४५ रोजी जगाचा निरोप घेतला. वयाची ५३ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. काही वर्षांतच प्रभातची तुतारी थांबली. फत्तेलाल १९६४ पर्यंत जगले.

१९६० साली प्रभातच्याच आवारात सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. दामले जेथे ध्वनीचा शोध घेत होते, तेथे नव्या पिढ्या चित्रपटकला शिकू लागल्या. १९८२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाने आपला सुवर्णमहोत्सव साजरा केला, तेव्हा जुन्या चित्रपटांच्या पुनर्दर्शनात 'संत तुकाराम' आणि शांताराम यांचा 'दुनिया न माने' दाखवले गेले. दामले-फत्तेलाल दोघेही तोवर हयात नव्हते. पंचेचाळीस वर्षांनंतरही व्हेनिसला त्यांच्या कामाची आठवण होती.

आपल्याकडे मात्र त्या आठवणीची आबाळ झाली. व्हेनिसचे मूळ प्रशस्तिपत्र १९७४ मध्ये गहाळ झाल्याचे आढळले. ते पुण्यातल्या कचऱ्यात केरळचे छायालेखक सनी जोसेफ यांच्या हाती लागले आणि अखेर मार्च २००४ मध्ये चित्रपट संग्रहालयाकडे परतले. त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, जुन्या प्रभातच्या आवारातील कोठारास आग लागून नायट्रेटवरील दुर्मीळ चित्रफिती जळून गेल्या होत्या. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने गोव्यात कायमचे बिऱ्हाड थाटले तेही २००४ सालीच. एकीकडे महोत्सवांची रोषणाई वाढत होती आणि दुसरीकडे पहिल्या मोठ्या सन्मानाचा कागद उकिरड्यातून वाचला, याचेच समाधान मानावे लागत होते.

२०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने व्हेनिसच्या 'ओरिझोंती' विभागात सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार पटकावला. २०२० मध्ये त्यांचाच 'द डिसायपल' मुख्य स्पर्धेत दाखल झाला आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन परतला. एका गायकाची साधना आणि तिची किंमत मोजणारा संसार, हा त्याचा विषय दामले यांना परका वाटला नसता. मराठी चित्रपट व्हेनिसला पोहोचल्याच्या बातमीचे तेव्हा अप्रूप वाटले, ते स्वाभाविकच होते. परंतु ती वाट पेणहून निघालेल्या एका अबोल कारागिराने आणि त्याच्या कोल्हापूरकर मित्राने १९३७ सालीच घालून दिली होती.