हरलेल्या खटल्याचा वकील

ग्रेगरी पेक म्हटलं की बहुतेकींना ‘रोमन हॉलिडे’मधला उंचापुरा पत्रकार आठवतो. मला आठवतो तो ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या १९६२च्या सिनेमातला वकील, अ‍ॅटिकस फिंच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं छोटं गाव आणि आई नसलेली दोन मुलं वाढवणारा हा बाप.

पेकचा जन्म ५ एप्रिल १९१६चा, कॅलिफोर्नियातला. आईवडील विभक्त झाले तेव्हा तो लहानच होता. मग सांभाळलं आजीने, आणि ही आजी नातवाला दर आठवड्याला सिनेमाला न्यायची! पुढे तो मोठा नायक झाला. १९४७ मध्ये ज्यूद्वेषावरचा ‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’ त्याने एजंट नको म्हणत असतानाही केला.

‘मॉकिंगबर्ड’मध्ये टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या मुलीच्या बलात्काराचा खोटा आळ येतो. वकीलपत्र अ‍ॅटिकस घेतो. टॉमचा डावा हात निकामी, आणि मुलीला मारणारा तर डावखुरा. इतकं उघड असूनही बारा गोरे ज्यूरी टॉमला दोषी ठरवतात. समुपदेशनाच्या कामामुळे मी बायकांसोबत कोर्टात जाते. मारहाण सगळ्या गल्लीला ठाऊक असते, पण साक्षीला कुणी येत नाही. त्यामुळे तो निकाल मला नुसता सिनेमातला वाटत नाही.

मूळ कादंबरी लिहिणाऱ्या हार्पर लीचे वडील खरोखरच वकील होते. १९१९ मध्ये त्यांनी दोन कृष्णवर्णीय आरोपींची बाजू मांडली. दोघंही फासावर गेले. वडील १९६२च्या एप्रिलमध्ये वारले, तेव्हा त्यांचं खिशातलं घड्याळ हार्परने पेकला दिलं. ८ एप्रिल १९६३ला ऑस्कर घ्यायला तो गेला, ते घड्याळ जवळ ठेवूनच.

सिनेमात टॉमच्या वाट्याला बोलणं फार थोडं येतं, कौतुक सगळं गोऱ्या वकिलाचं, ही तक्रार मला पटते. पण टॉमचं काम करणारा ब्रॉक पीटर्स साक्षीच्या प्रसंगात असा रडायचा, की पेकला त्याच्या डोळ्यांत बघवेना. आवाज फुटू नये म्हणून तो त्याच्या पलीकडे कुठेतरी बघत संवाद म्हणायचा. तिथून जुळलेली मैत्री चाळीस वर्षं टिकली.

१२ जून २००३ला पेक गेला. लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये त्याच्याविषयी श्रद्धांजलीचं भाषण करायला उभा राहिला, तो ब्रॉक पीटर्सच.