पक्षी होऊ पाहणारा माणूस : लेओ व्हॅलेंटिन

पावसाळ्यात उघडी छत्री धरून ओट्यावरून उडी मारून पाहिली नाही, असे मूल आपल्यात क्वचितच सापडेल. बहुतेक वेळा छत्री उलटी होते, गुडघा खरचटतो आणि घरी बोलणी बसतात. या खेळातले खरे कोडे मात्र छत्रीचे नाही. छत्री उघडण्यापूर्वी माणूस हवेतून पडत असतो, तेव्हा त्याने काय करावे? नुसते पडत राहावे, की त्या पडण्यावर त्याला काही हुकमत चालविता येईल? आज आम्ही ज्याची ओळख करून देणार आहोत, त्या फ्रेंच सैनिकाने या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले. पुढे मात्र तो स्वतःच ते उत्तर पुरेसे मानायला तयार झाला नाही.

सुरुवात अलीकडच्या घटनेपासून करू. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पेरिस नावाच्या गावावर (फ्रान्सची राजधानी नव्हे, हे गाव वेगळे) शंभर माणसे एकाच वेळी विमानांतून उड्या मारून एका ठरलेल्या आकृतीत उडाली. त्यांनी विंगसूट घातले होते. विंगसूट म्हणजे अंगभर पोशाखच, पण त्यात हात आणि धड यांच्यामध्ये व दोन्ही पायांच्या मध्ये कापड शिवलेले असते. त्या कापडाच्या पोकळ्यांत हवा भरली की ते फुगते आणि त्याचे पंख होतात. आपल्याकडच्या उडत्या खारीला असेच कातड्याचे पडदे असतात. थंडीच्या दिवसांत पाखरांचे थवे ओळीने जाताना आपण पाहतो, तशी ही माणसे आपापली जागा धरून पुढे सरकत होती. जमिनीपासून काही हजार फुटांवर एवढी माणसे एकमेकांवर न आदळता उडू शकतात, याचे श्रेय त्या कापडाला आहेच. पण त्याआधी ते एका शोधाला आहे आणि तो शोध १९४७ सालचा आहे.

लेओ व्हॅलेंटिनचा जन्म २२ मार्च १९१९ रोजी ईशान्य फ्रान्समधील एपिनाल या गावी झाला. (फ्रेंच उच्चार व्हालांतँच्या जवळ जातो. आम्ही सोयीसाठी व्हॅलेंटिन असेच लिहीत आहोत.) लहानपणापासून त्याला पाखरांचे वेड. विमानांचेही होते, पण विमानात बसून उडणे वेगळे आणि स्वतःच्या अंगाने उडणे वेगळे, हा फरक त्याच्या मनात फार लवकर पक्का झाला असावा. त्याच काळात क्लेम सोन नावाचा एक अमेरिकन तरुण जगभर गाजत होता. सोन कापडाचे आणि पोलादी नळ्यांचे पंख अंगाला बांधून विमानातून उडी मारी, बराच वेळ हवेत घिरट्या घेई आणि शेवटी हवाई छत्री उघडून उतरे. २५ एप्रिल १९३७ रोजी पॅरिसजवळ व्हँसेन येथे हजारो लोकांसमोर त्याच्या दोन्ही छत्र्या उघडल्या नाहीत आणि तो मरण पावला. तेव्हा सोन सव्वीस वर्षांचा होता आणि व्हॅलेंटिन अठरा. अशी बातमी वाचून दुसऱ्या कोणी तो नाद सोडला असता. व्हॅलेंटिनने सोडला नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो छत्रीधारी सैनिक झाला. त्याचे शिक्षण अल्जीरियातील बाराकी येथे झाले. मग दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० मध्ये फ्रान्स पडला. मोरोक्कोतील फेझ येथे तो काही काळ सार्जंट शिक्षक होता. तेथून बोटीने इंग्लंड गाठून त्याने पुन्हा छत्रीचे शिक्षण घेतले. पुढे ब्रिटनी प्रांतात शत्रूच्या पिछाडीला तो छत्रीने उतरला आणि लुआर नदीच्या परिसरातील लढाईत त्याचा हात जखमी झाला. युद्धकथा सांगत बसलो तर हे पान पुरणार नाही. एवढे लक्षात ठेवावे की युद्ध संपले तेव्हा तो सव्वीस वर्षांचा अनुभवी छत्रीधारी होता आणि नव्या सैनिकांना उडी शिकविणे हे त्याचे काम होते.

त्या काळची उडी कशी असे, हे आता समजून घेतले पाहिजे. सैनिकाची छत्री विमानाला बांधलेल्या पट्ट्याने आपोआप उघडे. त्यामुळे मोकळे पडणे फार तर दोन-तीन सेकंदांचे. जास्त वेळ पडले तर माणसाची शुद्ध हरपते, असा पूर्वी सर्रास समज होता. लेस्ली आयर्विन या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये उडी मारून, काही क्षण मोकळे पडून आणि मग स्वतःच्या हाताने छत्री उघडून तो समज खोटा पाडला. (उतरताना त्याचा घोटा मोडला, पण शुद्ध शाबूत होती!) तरीही एक अडचण उरलीच होती. मोकळा पडणारा माणूस कोलांट्या खाई, नाहीतर भोवऱ्यासारखा गरगर फिरे. गिरकी वाढली की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि अशा अवस्थेत छत्री उघडली तर दोऱ्या अंगाभोवती गुंडाळल्या जाण्याचे भय. पोत्याने पडावे तसे माणसे पडत होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

व्हॅलेंटिनने पाखरांकडे पाहिले आणि स्वतःच्या शरीराकडेही. १९४७ मध्ये त्याने उडी मारून अंग पालथे ठेवले, छाती व पोट पुढे काढून पाठीची कमान केली आणि हात-पाय फाकून किंचित वर उचलले. गिरकी आली नाही. कोलांटीही आली नाही. तो हवेवर पालथा पडून राहिला.

हे का घडते, हे बॅडमिंटनचे फूल पाहिले की कळते. फूल कसेही उडवा, त्याचे जड बूच पुढे होते आणि पिसे मागे राहतात. कमान केलेल्या शरीरात पोट व कंबर हे बुचाच्या जागी आणि हात-पाय पिसांच्या जागी असतात. खालून येणारी हवा दोन्ही बाजूंना सारखी लागते आणि शरीर आपोआप सरळ राहते. अशा स्थितीत माणूस ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने पडतो, पण तो वेग एका ठिकाणी येऊन थांबतो, वाढत नाही. एकदा असे स्थिर झाले की हाताची बाजू थोडी बदलून डावीकडे-उजवीकडे वळता येते. या पद्धतीला त्याचेच नाव मिळाले. जगभर आज पहिल्या धड्यात हीच कमान शिकवितात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडात नऊवारी नेसून विमानातून उडी मारली, त्याचे फोटो पुष्कळांनी पाहिले असतील. त्या विद्येचे मूळही इथेच आहे.

फेब्रुवारी १९४८ मध्ये व्हॅलेंटिनने प्राणवायूचे उपकरण न घेता १५,६०० फूट मोकळे पडण्याचा विक्रम केला. लगेच रात्रीच्या अंधारात १४,५५० फुटांचा दुसरा विक्रम केला. दहा वर्षांच्या नोकरीनंतर तो लष्करातून बाहेर पडला.

येथून त्याच्या आयुष्याला जे वळण लागले, त्याबद्दल आम्ही आपसांत बराच विचार केला. शरीराच्या बळावर हवेत स्थिर राहणे ही त्याची खरी कमाई. पण दोन-तीन मैल उंचीवर एक माणूस पालथा स्थिर पडला आहे, हे खाली मैदानात उभ्या असलेल्या माणसाला दिसणार कसे? ते पाहायला कोणी तिकीट काढत नाही. पंख लावलेला पक्षीमानव मात्र जाहिरातीच्या फलकावर शोभतो. लष्कर सोडल्यावर त्याला हवाई जत्रांतूनच पैसा मिळणार होता. तरी त्याने केवळ पैशासाठी पंख लावले असे म्हणणे अन्यायाचे होईल. एपिनालच्या त्या मुलाला पडणे सुधारायचे नव्हतेच, त्याला उडायचे होते. जे त्याने साधले ते त्याला निम्मेच वाटत होते.

१९५० मध्ये पॅरिसजवळ व्हिलाकुब्ले येथे त्याने कापडी पंखांनी पहिला जाहीर प्रयोग केला. पंखांनी त्याचे पडणे थोडे मंदावले, पण पुढे जाण्याची गती काही मिळाली नाही. हवेच्या दाबाने कापड मिटते, म्हणून त्याने ताठ पंखांचा मार्ग धरला. ताठ पंख मिटत नाहीत खरे, पण एका बाजूला जरा जास्त हवा लागली की ते माणसाला फिरवू लागतात. जी गिरकी त्याने स्वतःच्या अंगाने जिंकली होती, ती पंखांनी परत आणली. त्याने पंख पुन्हा पुन्हा बदलले. अखेर १३ मे १९५४ रोजी लाकडी पंख लावून झिसी-ले-नोब्ल येथे त्याने उडी मारली. आरंभी गिरकी आली, पण ती सावरून तो स्थिर झाला. या पंखांनी आपण तीन मैल पुढे गेलो, असा त्याचा स्वतःचा दावा होता. त्याने आपल्या अनुभवांवर पुस्तकही लिहिले आणि फ्रान्सबाहेरही त्याचे नाव झाले.

२१ मे १९५६. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल शहराच्या विमानतळावर हवाई जत्रा होती. सुट्टीचा सोमवार, सुमारे एक लाख माणसे जमलेली. व्हॅलेंटिनचे पंख या वेळी आधीपेक्षा लांब होते. विमानातून बाहेर पडताना एक पंख विमानाला घासला आणि त्याचा तुकडा उडाला. उरलेले पंख आता दोन बाजूंना सारखे नव्हते. त्याने छत्रीचा आधार घेण्याचा प्रयत्न केला, पण तीही नीट फुलली नाही. वय अवघे सदतीस वर्षांचे.

आम्हांला या प्रसंगात सर्वांत जास्त बोचते ते हे की, उघड्या हातांनी उडी मारणारा व्हॅलेंटिन गिरकीतून बाहेर येऊ शकला असता. हात आखडता येतो, पाय जवळ घेता येतात, कमान बदलता येते. लाकडी पंख आखडता येत नाही. तो विमानाच्या दारात अडतो आणि मोडला तर मोडका पंखच माणसाला फिरवीत राहतो. जमलेल्या एक लाख लोकांपैकी, हा माणूस पंखांविना अधिक सुरक्षित होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

त्याच्या मागे त्याची कमान राहिली. त्याच दशकाच्या अखेरीस उडी मारणाऱ्या दोघांनी मोकळे पडता पडता एकमेकांच्या हाती काठी दिली, रिले शर्यतीत देतात तशी. दोघेही त्याच वेगाने पडत असतात, म्हणून त्यांच्यापुरते ते जवळजवळ थांबलेलेच असतात. १९६० च्या दशकात माणसे हात धरून कडी करू लागली, जणू आकाशातली फुगडीच. फेब्रुवारी २००६ मध्ये थायलंडमध्ये चारशे जणांनी एकमेकांना धरून एक आकृती पुरी केली.

पंखांचा प्रश्न सुटायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. पात्रिक द गायार्दों या दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने लाकूड आणि नळ्या टाकून दिल्या व दुहेरी कापडात हवा भरणारा पोशाख तयार केला. तोही १३ एप्रिल १९९८ रोजी हवाई बेटांवर उडी मारताना गेला, पण त्याला दगा दिला तो पंखांनी नव्हे. छत्रीच्या बोचक्यात त्याने स्वतः केलेला बदल चुकला होता. पुढच्याच वर्षी असे पोशाख बाजारात विकत मिळू लागले. कापडाचा पंख हात खाली घेताच लहान होतो आणि गरज पडली तर हात त्यातून सोडवून घेता येतात. व्हॅलेंटिनला हवे होते ते हेच.

विंगसूट घालून एकत्र उडण्यात एक गंमत आहे आणि तीच मोठी अडचणही आहे. येथे हात हाच पंख. शेजाऱ्याला धरायचे तर आपल्या पंखाचा थोडा भाग मोडावा लागतो, मग ती बाजू खचते आणि ती पायांनी सावरावी लागते. म्हणून मोठ्या आकृतीत बहुधा हात न धरता नेमून दिलेली जागा राखतात. प्रत्यक्ष हात धरून साखळी करण्याचा सराव लहान गटात चालतो. पुढचा एक जण दिशा आणि वेग ठरवितो व तो मुळीच बदलत नाही. बाकीचे त्याच्या पातळीला येऊन बाजूने हळूहळू जवळ सरकतात. दुसऱ्याच्या पाठीवरून जाण्यास सक्त मनाई असते, कारण तेथे हवा विस्कटलेली असते आणि आधार एकदम सुटून माणूस खालच्यावर कोसळतो. ठरलेल्या उंचीवर सगळे फाकतात आणि भरपूर अंतर पडल्यावरच छत्र्या उघडतात. अमेरिकेत तर मोकळ्या पडण्याच्या २०० उड्या झाल्याशिवाय विंगसूटला हात लावू देत नाहीत. त्या दोनशे उड्यांत काय करायचे, तर व्हॅलेंटिनची कमान पक्की करायची.

विमानात चढण्यापूर्वी हे सगळे जण मैदानावर जमतात. हात पसरून, आपापल्या क्रमाने, आकृतीत कसे यायचे आणि कसे सुटायचे हे चालत चालत पुनःपुन्हा करून पाहतात. लांबून पाहणाऱ्याला तो लहान मुलांचा खेळ वाटेल. मग छत्र्या तपासल्या जातात आणि विमान सुटते.