गुरूची विद्या आणि पाऱ्याची नळी

एखाद्या नामवंत योगाचार्यांच्या सान्निध्यात आठ-दहा दिवसांचे शिबिर करून परतणारा मनुष्य बहुधा भारावलेला असतो. त्याची पाठ ताठ झालेली असते, झोप सुधारलेली असते, आणि आचार्यांनी जे जे सांगितले ते सारे, पटलेले व न पटलेले, त्याने एकत्रच स्वीकारलेले असते. या भारावलेपणाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. जगन्नाथ गणेश गुणे यांना तो पडला. स्वामी कुवलयानंद या नावाने पुढे ख्यातकीर्त झालेल्या या पुरुषाचे अर्धे आयुष्य त्याच प्रश्नाच्या पाठपुराव्यात गेले.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभई येथे झाला. घरची गरिबी होती. शिक्षण पुष्कळसे परक्यांच्या आधारावर झाले. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली आणि बडोदा कॉलेजात प्रवेश केला. अरविंद घोष तेथे अध्यापक होते. टिळकांच्या राजकारणाचे वारेही वाहत होते. तरुण गुणे यांच्यावर या दोघांचा ठसा उमटला. पण शरीराचे शिक्षण त्यांना मिळाले ते जुम्मादादा व्यायामशाळेत, राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली, १९०७ ते १९१० या काळात. पुढे ते खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले आणि १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. (साने गुरुजी याच गावी शिक्षक म्हणून आले, ते काही वर्षांनंतर.) महाविद्यालयातील राष्ट्रीय वातावरण सरकारला मानवले नाही, १९२० साली ते बंद करण्यात आले.

त्याआधीच, १९१९ मध्ये, गुणे नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे गेले होते. माधवदासजी मूळचे बंगालचे वैष्णव साधू. वयाची शंभरी त्यांनी केव्हाच ओलांडली असे लोक मानीत. मुंबईत योगसंस्था काढणारे श्रीयोगेंद्रही त्यांचेच शिष्य. येथे शिकायचे ते ग्रंथातून नव्हे. धौती, बस्ती, नौली या क्रिया गुरूने दाखवायच्या आणि शिष्याने आपल्या देहावर गिरवायच्या. अशा ठिकाणी पुरावा मागण्याचा रिवाज नसतो. क्रिया करावी आणि अनुभवाची वाट पाहावी, एवढेच शिष्याचे काम. १९२१ मध्ये माधवदासजींनी देह ठेवला. म्हणजे हा सहवास दोनच वर्षांचा ठरला. क्रियांचा गुण गुणे यांनी अनुभवला होता, परंतु तो कसा येतो, हे त्या अनुभवातून कळत नव्हते.

१९२०-२१ मध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना बडोद्याच्या रुग्णालयात नेले आणि उड्डियान व नौली करीत असताना त्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. आज यात नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र हे पाऊल दोन्ही बाजूंनी धोक्याचे होते. डॉक्टरांच्या लेखी योग म्हणजे बैराग्यांचे चाळे. साधकांच्या लेखी यंत्र लावणे म्हणजे गुरूच्या शब्दावर अविश्वास. शिवाय तपासणीतून काहीच निष्पन्न झाले नसते, तर ज्या विद्येसाठी वर्षे वेचली तिचीच शोभा झाली असती.

बस्तीचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. पाण्यात बसलेला साधक पंपावाचून, पिचकारीवाचून मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो. हे पाणी वर चढते कसे? गुणे यांनी दाबमापक यंत्राची पाऱ्याची नळी जोडून आतील दाब मोजला. नौलीत पोटाचे उभे स्नायू आखडून मधोमध दोरखंडासारखे उभे केले की आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे दिसले. पाणी आत शिरते ते त्यामुळे. चमत्काराच्या जागी साधे पदार्थविज्ञान आले. आणि या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी नाव दिले माधवदासांचे! ज्याच्या शिकवणुकीला कसोटी लावली, त्याचेच नाव निष्कर्षाला देणारा हा शिष्य विरळाच म्हटला पाहिजे.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. प्राणायामाने भरपूर प्राणवायू मिळतो, ही सुशिक्षितांची आवडती समजूत स्वामीजींनी उचलून धरली नाही. प्राणायामाचे मोल त्यांनी अन्यत्र शोधले. अनुकूल समजूतही तपासून मगच स्वीकारायची, हे व्रत वाटते तितके सोपे नाही. अर्थात त्यांचे सारेच प्रयोग आजच्या निकषांवर टिकतील असे नव्हे. ज्यांच्यावर प्रयोग केले ती माणसे मोजकी, तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नाही, आणि काही ठिकाणी अनुमान पुराव्याच्या पुढे धावलेले दिसते.

१९२७ मध्ये आजारी गांधीजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला. पण त्याहून लक्षणीय गोष्ट कोवूर बेहनन यांची. मूळचे केरळातील, येल विद्यापीठातील हे मानसशास्त्राचे संशोधक लोणावळ्यास राहून स्वामीजींकडे योग शिकले, परत जाऊन स्वतःवर प्रयोग केले आणि १९३७ साली ग्रंथ लिहिला, तो स्तुतीचा नव्हे, परीक्षणाचा. मालसरहून निघालेल्या शिष्याने जे केले, तेच आता त्याच्याकडे शिकून गेलेला करीत होता.

एकट्याने एकाकडून घेतलेली विद्या वर्गात कशी शिकवायची, हाही प्रश्न होताच. शाळांतील सामुदायिक शिक्षणासाठी स्वामीजींनी यौगिक संघव्यायाम रचला. १९३६ साली मुंबईत चौपाटीवर आरोग्यकेंद्र निघाले, आणि स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय. शिक्षकांनी शिकावे व गावोगाव न्यावे, ही अपेक्षा. यात गुरुशिष्यांमधील जवळीक काहीशी गमावली हे खरे. परंतु ती जवळीक किती जणांच्या वाट्याला येणार होती?

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद निवर्तले. लोणावळ्याच्या संस्थेचे कागदोपत्री नाव लांबलचक आहे: कैवल्यधाम श्रीमन्माधव योगमंदिर समिती. त्यातील माधव म्हणजे मालसरचे माधवदासजी.