महात्मा बसवेश्वर : श्रद्धेच्या पोटी विचार



आपल्या आदिलाबादच्या मुलखात मूल चार-पाच वर्षांचे झाले म्हणजे आई-बाप त्याला गोदावरीकाठी बासरला नेतात. २०१६ पासून बासर निर्मल जिल्ह्यात मोडते. तरी आपल्या लेखी ते घरचेच. ज्ञानसरस्वतीपुढे पाटीवर पहिले अक्षर उमटते. अक्षर असे हाताला धरून गिरवून घेता येते. विचाराची गोडी कोठून लागते? आणि मूल प्रश्न विचारू लागले की त्याची श्रद्धा टिकेल ना, ही काळजी पुष्कळ पालक आमच्यापाशी बोलून दाखवितात. त्यांनी बसवेश्वरांचे चरित्र डोळसपणे पाहावे.

बाराव्या शतकात बागेवाडीस मादरस आणि मादलांबिका या शैव ब्राह्मण दांपत्याच्या पोटी बसवेश्वर जन्मले. आठव्या वर्षी मुंजीची तयारी झाली. परंपरा सांगते की, थोरली बहीण नागम्मा हिला हा संस्कार का नाही, असे त्यांनी विचारले. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्यांनी जानवे नाकारले. येथे नीट लक्ष द्या. हा प्रश्न ग्रंथातून आलेला नव्हता, तो बहिणीच्या मायेतून आला होता. ज्याचे आपल्या माणसावर प्रेम असते, त्यालाच त्याच्यावरील अन्याय प्रथम दिसतो.

घर सुटले, देव मात्र सुटला नाही. कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावरील कूडलसंगमास त्यांनी गुरुसान्निध्यात अध्ययन केले. संगमनाथावरील भक्ती एवढी दृढ की, पुढे त्यांच्या प्रत्येक वचनाची मुद्रिका तेच नाव झाली. संस्कृत पंडित 'मीमांसा' या शब्दाचा अर्थ पूज्य विचार असा करतात. पूज्यभाव आणि विचार एकत्र नांदतात, हे बसवेश्वरांनी जगून दाखविले.

नंतर मंगळवेढ्यास बिज्जलाच्या पदरी त्यांनी हिशेबाचे काम केले. जमाखर्चात एक दमडीही पुराव्यावाचून मांडता येत नाही. हीच शिस्त त्यांनी आचारालाही लावली, असे आम्हास वाटते. पुढे कल्याणास ते भांडारी झाले. तेथील अनुभवमंटपात अल्लमप्रभू शून्यसिंहासनावर विराजमान असत. दोर वळणारे नुलिय चंदय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, अक्कमहादेवी असे स्त्रीपुरुष शरण तेथे आपापला अनुभव मांडीत. सांडलेले तांदूळ वेचून दासोह करणाऱ्या मारय्यांनी एके दिवशी गरजेहून अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकावयास लावले. पत्नीने पतीची चूक दाखवावी आणि पतीने ती मानावी, ही त्या मंडळींची रीत होती. इष्टलिंग ज्याचे त्याच्या तळहाती असते. पूजा दुसऱ्याकडून करवून घ्यावयाची नाही, तसा विचारही दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचा नाही.

अशा विचाराला मोल द्यावे लागते. चर्मकार हरळय्यांचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरसांची कन्या यांचा विवाह शरणांनी मान्य केला. राजाज्ञेने दोघा पित्यांना क्रूर देहदंड झाला. इ. स. ११६७ च्या सुमारास कल्याण पेटले, बिज्जलाची हत्या झाली, शरण दाही दिशांना पांगले. बसवेश्वर कूडलसंगमास परतले व तेथेच लिंगैक्य झाले. आपण त्यांचा जयजयकार करतो. पण विवाहाची बोलणी निघाली म्हणजे पोटजात विचारतो. हरळय्यांपुढे मान वर करून उभे राहण्याचा अधिकार मग आपणास उरतो काय?

शरणांनी ताडपत्रे जपली, म्हणून वचने वाचली. विजापूरचे फ. गु. हळकट्टी यांनी गावोगाव फिरून ती गोळा केली आणि १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. आज आपण वचनांवर चिंतन करतो, ते या कष्टांच्या बळावर.

तेव्हा मातापित्यांनो, मूल का म्हणून विचारील, तेव्हा त्यास दटावू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा आणि त्याच्याबरोबर शोधावयास बसा. त्याला माया द्या, कष्टाची सवय लावा, चार निरनिराळ्या माणसांत बसू द्या. एवढे केले तर विचाराची गोडी आपोआप लागते. प्रश्नाने जी श्रद्धा ढळते, ती मुळात भीती असते. खरी श्रद्धा प्रश्नाला आपल्या शेजारी आसन देते.

शरणु शरणार्थी.